दुधाचा टँकर

आमच्या गावाकडे आगीच्या गाड्या दोन.
एक एक्याण्णव सालचं इंजिन, शेजारच्या काउंटीने वापरून टाकलेलं,
थंडीत तिसऱ्या किल्लीला खोकत उठणारं.
दुसरा हा टँकर. हा मुळात दुधाचा.

डेअरी बुडाली तेव्हा लिलावात घेतला,
तीन वर्षांच्या पॅनकेकच्या पैशांनी.
ईस्टरच्या आधीच्या रविवारी आम्ही गाड्या बाहेर काढतो,
शेडमध्ये बाकं मांडतो,
अख्खं गाव चर्चमधून थेट तव्यापाशी येतं.
एका नळीला किती पॅनकेक, हे मला तोंडपाठ आहे.

लाल रंग आम्हीच मारला, दोन हात.
तरी उन्हं तिरपी झाली की दारावर निळी अक्षरं वर येतात,
हॉल्व्हर्स्टन सहकारी दूध संघ,
पुसलेल्या फळ्यावर कालचं गणित दिसावं तशी.
आणि जुलैत झाकण उघडलं की आंबूस भपकारा.
आत अठराशे गॅलन पाणी.
वास मात्र जुन्या मालकाचा.

दिवसा मी शाळेची बस चालवते,
रात्री पेजर वाजला तर हा.
माझ्याआधी रॉल्फ नेसहाइम चालवायचा, एकोणतीस वर्षं, दुधासाठी.
आता शेजारी बसतो. गुडघे गेलेत.
शिडीवर चढायला त्याला मनाई आहे,
बोलायला नाही.

जानेवारी. पहाटेचे पावणेचार. उणे अठरा.
टोव्हसनांच्या गोठ्याच्या माळ्यावर गवत पेटलेलं.
चौदांपैकी नऊ आलो,
दोघांच्या कोटाखाली पायजमेच.
मागे घे, रॉल्फ म्हणाला, डावीकडे, अजून, अजून, बास.
उतरून पाहते तर
टँकर दूधघराच्या दाराला नेमका लागलेला,
आग पलीकडे.
सवय, तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच गप्प बसला.

अंगणात ताडपत्रीचा हौद उलगडला,
ओढ्यावरचं बर्फ करवतीने कापलं,
सात खेपा केल्या.
नळी क्षणभर बंद ठेवली तर तिची काठी व्हायची.
पाचला छप्पर बसलं,
दमलेलं माणूस बसतं तसं, एक हात टेकून.
गाई सगळ्या बाहेर होत्या. एकेचाळीस.

आग विझली की काम संपलं, असं आमच्या पुस्तकात आहे.
गाईंनी ते पुस्तक वाचलेलं नाही.
साडेसहाला एक हंबरली,
मग कुंपणाच्या कडेने सगळ्याच.
सड तटतटलेले, यंत्र जळालेलं,
वीज तर आम्हीच तोडली होती.
मार्ना टोव्हसन तोवर रडली नव्हती.

हाताने धार काढता येणारे आमच्यात तीन.
रॉल्फ, मी,
आणि बँकेतला डेलबर्ट, ज्याने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.
रॉल्फ बादली पालथी घालून बसला,
हातमोजे दातांनी ओढले.
आधी अंगठा, मग एकेक बोट, तो पोरांना सांगत होता,
अरे, नळीसारखं आवळू नका, ती जिवंत आहे.
काळवंडलेली तोंडं, गाईंच्या कुशीला टेकलेली हेल्मेटं.
रात्रभरात पहिल्यांदा
कुणाच्या तरी बोटांना ऊब लागली.

दूध ठेवायला भांडं नव्हतं.
अठराशे गॅलनची टाकी समोर उभी, रिकामी,
आतून पोलादी, ओढ्याच्या गाळाने माखलेली.
रॉल्फने तिच्याकडे एकदा पाहिलं.
त्याने पाहिलेलं मी पाहिलं.
मग बादली उचलून त्याने बर्फावर ओतली.
वाफ निघाली,
आणि इंजिनवरचा पोरगा सवयीने नळीकडे धावला.

सात चाळीसला रेडिओ खरखरला.
कंट्रोलरूम: टँकर, तिथली स्थिती काय?
माझ्या दोन्ही हातांना फेस.
कोपराने बटण दाबलं.
अजून बारा गाई, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.