अडतीस आटे

पहाटे पावणेपाच. इंदिरानगरच्या टाकीखाली
चहाच्या आधी सही, मग खांद्यावर चावी.
अकरा किलो लोखंड, वरती आडवा दांडा.
मंडळीतली पोरं म्हणतात, काका, क्रूसासारखी दिसते.
मला तरी ती चावीसारखीच दिसते.
उचलून बघा म्हणतो.

झाकण सरकवलं की झुरळं पांगतात.
आत व्हॉल्व्ह, अडतीस आट्यांचा.
तात्यांनी शिकवलं, शेवगाव सोडून इथं चिकटले तेव्हाचं:
दाविद, झोपेत आकडे दगा देतात,
सत्ताविसानंतर परत बावीस येतो.
प्रार्थना पाठ आहे ना, तीच म्हण.
एका आट्याला एक घास.

तेव्हापासून पिता म्हटलं की पहिला आटा.
भाकर येते सोळाव्याला,
तिथं व्हॉल्व्ह जड होतो, कायमच.
क्षमेपाशी खाली पाण्याचा आवाज बदलतो.
आमेनला चावी आपोआप थांबते
आणि वरच्या गल्लीत कुणीतरी ओरडतं, आलं गं!
मिटताना उलटी म्हणता येत नाही,
म्हणून परत तीच, पहिल्यापासून.

रविवारी उपासना साडेआठला,
आणि रविवारीच सगळ्यांच्या गोधड्या निघतात.
पाळकसाहेब दारात भेटले एकदा:
उजागरे, तुमची खुर्ची रिकामी असते.
म्हटलं, साहेब, मी रविवारवर पाणी सोडलंय.
ते हसले नाहीत.
जिन्याच्या खाली पोचल्यावर हसले, मोठ्यानं.

शलोमी जाते. दुपारी पोळ्या लाटताना
सकाळचं गीत गुणगुणते, दोन कडवी,
तिसऱ्याला तवा तापलेला असतो.
माझी उपासना तेवढी.
बाकीची गल्लीत.

माणसांची नावं मला ठाऊक नाहीत, भांडी ठाऊक आहेत.
निळं पिंप, लाल रंगात कासम लिहिलेलं.
दुभंगलेली बादली, डांबरानं सांधलेली.
ठोंबरेबाईंची बिनझाकणाची घागर.
चोरून मोटर लावणारा सुर्वे, त्याची पिवळी नळी.
एकेका आट्याला एकेक भांडं डोळ्यांपुढून जातं,
सुर्व्याची नळी सोडून.
तिच्यावर यायला मला दोन वर्षं लागली.

जानेवारीत चौथ्या गल्लीत
कळव्याच्या दवाखान्यातून ठोंबरे आले, गाडीतून, झाकलेले.
सहा दहाला पाणी बंद करायचं.
मी सतराव्या आट्यावर होतो
आणि वरून बाई म्हणाली, अंघोळ घालायचीय अजून,
मला नाही, कुणालाच नाही, अशीच म्हणाली.
भाकरीच्या पुढचं तोंडात येईना.
सतरा आटे मागे फिरवले.
चावीवर हात ठेवून उभा राहिलो,
प्रार्थना करत होतो असं नाही म्हणता येणार.
थंडी वाजत होती. कुत्रं येऊन बसलं पायाशी.
बावीस मिनिटं.

टाकीची पातळी उतरली. वरच्या सोसायटीचा अर्ज आला.
कारणे दाखवा.
कोऱ्या कागदापुढं रात्रभर बसलो,
शेवटी लिहिलं: आटे मोजताना चूक झाली.
नाफडे मॅडमनी वाचलं.
किती आटे आहेत?
अडतीस.
किती वर्षं फिरवताय?
एकोणीस.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, सही केली.
एका दिवसाचा पगार गेला. त्यावरही पाणी सोडलं.

खोटं लिहिलं का मी?
शलोमी म्हणते, अर्धं.
राहिलेलं अर्धं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही,
ज्याला सांगायचं तो तिथंच होता.

आज येऊरच्या डोंगरामागं उजाडायच्या आत
चौथ्या गल्लीत चावी लावली.
ठोंबरेबाईंच्या घागरीवर झाकण होतं,
स्टीलची ताटली, उपडी, कड चेपलेली.
ती बघत राहिलो आणि एक आटा निसटला.
तेवीस की चोवीस?

मागे फिरवली चावी.
पिता.