मेण

ग्युमरीच्या थंडीत मेण लगेच आवळतं,
म्हणून अर्पेनिक ते काखेत धरून बसते
अंडं उबवावं तसं.

तेर होव्सेपना संत हवाय,
गुडघे टेकलेला, हात जोडलेले, दोन वीत उंच.
नगरपालिकेला शिपाई हवाय,
त्याच मापाचा, त्याच आठवड्यात.
गॅसचे पैसे एकाच भट्टीपुरते.

मी तिचा भाचा. माती चाळतो,
घोड्याची लीद मिसळतो, आणि विचारतो,
हात तरी दोघांना वेगळे ना?
ती बोलत नाही.
एकाच हातांची दुसरी प्रत काढते,
गरम सुरीनं बोटं जराशी सैल करते.
तेवढ्या फटीत बंदूक बसते.

रात्री मेण वितळून गेलं.
साच्यात कोण होतं ते आता फक्त मातीला ठाऊक.
मुशीतलं कांसं आधी लाल, मग पिवळं,
मग ज्याला रंगच म्हणता येऊ नये असं.
ओतताना ती काहीतरी पुटपुटली.
प्रार्थना असेल, शिवी असेल,
भट्टीच्या घरघरीत मला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

सकाळी साचे फोडले.
शिपाई अखंड, कुठे पुरळसुद्धा नाही.
संताच्या डाव्या खांद्याला भोक.
हवा अडकली असणार.

अर्पेनिकनं भोकात करंगळी घातली,
आतल्या पोकळीत ती बराच वेळ फिरवत राहिली,
बाहेर काढून चाखल्यासारखं केलं.
"बुजवू?" मी म्हणालो.
"आधी विचारून ये," ती म्हणाली,
"कुणाला कोणता हवाय."