लिमिट्रोफ

कायतान सरांच्या डिक्शनरीला तंबाखूचा वास येतो.
निपाणीत कशाला येत नाही म्हणा.

सेमिनरी अर्ध्यात सोडून आलेला माणूस,
लॅटिन तेवढं सुटलं नाही.
'लिमिट्रोफ', त्यांनी बोट ठेवलं.
विशेषण. सीमेला लागून असलेला.
मी म्हटलं, सर, एवढ्यासाठी एवढा शब्द?
आपल्यात नुसतं 'कोगनोळी' म्हटलं तरी कळतंय.

ते हसले नाहीत. चष्मा पुसला.
लीमेस म्हणजे बांध,
दोन शेतांमधली पायवाट आधी,
साम्राज्याची हद्द मागाहून.
आणि ट्रोफ, हे ग्रीक : पोसणारा.
सरहद्दीवरच्या फौजेला जेवू घालायला
राखून ठेवलेली जमीन.
"अर्धा एका भाषेचा, अर्धा दुसरीचा.
भेसळ आहे, पण दीड हजार वर्षं टिकलीय."

त्या डिसेंबरात नाक्यावर बस अडल्या.
इकडचे पोलीस, तिकडचे पोलीस,
मधे आमचा हरभरा.
रत्नाक्कानं टोपली काखेत मारली
आणि बांधावरनं हाक घातली,
"ऊट झालं काय रे पोरांनो?"

कुठल्या पोरांना, ते सांगितलंच नाही.
दोन्हीकडच्या टोप्या वळल्या.
ऊट कन्नड, झालं मराठी;
वाक्यातला बांध नेमका कुठं
मला काही दिसला नाही.

रात्री मी वही काढली.
"भाकऱ्या अडतीस," ती म्हणाली,
"वाफा तुडवला तो येगळा लिही."

कुणाच्या नावावर?

"बांधाच्या लिही की," म्हणाली
नि कुशीवर वळली.