खालचा तुकडा

रायाजी, तुझं पत्र एकाच कागदावर यायचं.
वर सरकार, खाली तू.

वर मायना, शिक्का: गडावर शिबंदी तीनशे बारा,
तीन महिन्यांचा रोजमुरा थकला,
दारूगोळ्यास चार हजार, हुपरी रुपये, घासून पाहून पाठवणे.
खाली, बोरू न पुसता त्याच शाईत:
तवनाप्पा, दिवस मावळायच्या आत जेवून घे.
आकडे जुळेनात की तू वेळ चुकवतोस
आणि मग तुमच्या धर्माप्रमाणे उपाशी झोपतोस.
मला इथं सामानगडावर कळतं.

सरकारी कागद दप्तरात गेला पाहिजे.
म्हणून मी सोनाराची कात्री आणली होती.
वरचा तुकडा रुमालात, खालचा हळदीच्या बरणीत.
बहुतेक वेळा मधली रेघ सापडायची.

राजापूरचं मीठ फोंड्याच्या घाटात अडलं,
जकात आटली.
शुक्रवारातले सावकार अचानक आजारी पडले,
एकाच दिवशी, सगळे.
तेव्हा मी घरातला साज मोडला, दोन समया आटवल्या
आणि जमेला लिहिलं: एक गृहस्थ, नाव न सांगण्याच्या बोलीवर.
तू आठ दिवसांनी, खाली:
त्या गृहस्थाच्या बायकोनं बस्तीत जाताना
पदर गळ्याशी ओढून घेतला असेल, नाही रे?

शेवटच्या पत्राला मात्र रेघच नव्हती.
रोजमुऱ्याची ओळ चालता चालता घसरली—
बाकी अकराशे मी परस्पर काढले
पडलेल्यांच्या घरी दिले मसलतीत विचारलं असतं तर नको म्हणाले असते
खतावणीत चढवू नकोस
तू ओरडशील ओरड
तुझं ओरडणं ऐकून बरेच दिवस झाले.

कात्री हातात घेऊन बसलो.
दिवा लागला तरी बसलो.
शेवटी सगळाच कागद बरणीत घातला.

पुढं पलटणी आल्या. गड पडला.
तू हिरण्यकेशी ओलांडलीस म्हणतात,
नाही ओलांडलीस असंही म्हणतात.

साहेबाच्या कारकुनांनी रुमाल सोडले.
कागदांच्या कडा पाहून एकानं विचारलं, हे काय?
उंदीर, मी म्हणालो.
तुमच्याकडचे उंदीर पट्टी धरून कुरतडतात वाटतं, म्हणाला
आणि पुढची पानं उलटू लागला.
तूट अकराशे. पोतदाराच्या नावे.
पुरावा स्वयंपाकघरात होता, चूल आणि मीठ यांच्यामध्ये.
तो दाखवला असता तर मी सुटलो असतो
आणि तू जिथं असशील तिथं सापडला असतास.

रंकाळ्याकडचं रान विकलं, फेडले.
पेठेत आता मला 'अकराशे' म्हणतात.
पोरं तोंडावर म्हणतात. सवय झाली.

काल बायकोनं बरणी धुवायला काढली.
तिला मोडी येत नाही.
एक चिठोरं नाकाशी धरून म्हणाली,
एवढ्या हळदीतूनही
बंदुकीच्या दारूचा वास येतोय बघा.

मी बाहेर पाहिलं. ऊन भिंतीवर चढलं होतं.
म्हटलं, वाढ. अजून वेळ आहे.