दोन ओहम

वडनेर फाट्यावर माझं दुकान, पंक्चरवाल्याला लागून.
शालिक नेवारे ओम्नी घेऊन आले,
मागचं दार वर केलं तसा वास आला,
भाजलेल्या कॉइलचा.
एकदा नाकात बसला की तो जन्माचा ओळखीचा.

खोक्यावर छापलं होतं: बाराशे वॅट.
म्हटलं, काका, हा आकडा
लग्नात माइकवरून सांगतात तसल्या आहेराचा.
रोजची कमाई मागे, चुंबकावर, बारीक अक्षरांत असते.
तीनशे.

"जास्त पावरनं जयला का?"

कमी पावरनं.
हे या फाट्यावर आजवर कोणाला पटलेलं नाही.
कोणीतरी दोन्ही कॉइल एकापुढे एक जोडल्या,
चार आणि चार, आठ ओहम झाले,
अ‍ॅम्पचा जोर तिथवर पोचेना,
मग गेनची खुंटी पिळली, पार टोकापर्यंत.
गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, काका.
लाटांची डोकी कापली गेली,
पडदा टोकाला जाऊन नुसता थांबायला लागला,
हलला नाही तर त्याला वारा कुठून?
आत गुंडाळी शिजत राहिली.

मी हे सगळं बोललो आणि मग पाहिलं,
ते माझ्या ओठांकडे बघत होते.
"सव्वीस वर्सं जिनिंगमंदी फिटर होतो.
डावा कान गेला, उजवा बी गेल्यातच जमा.
पन सीटमधून येते नं मले. पाठीतून.
तेवढंच पायजे."

वर मांडलेला पंधरा इंची दाखवायचा होता, तो राहू दिला.

बारा इंचीच घेतला. दोन कॉइल, चार-चार ओहमच्या.
अ‍ॅम्प जुनाच, धडका होता:
चार ओहमला एकशे ऐंशी,
दोनला तीनशे, आणि दोनच्या खाली त्याला नेऊ नये.
या वेळी दोन्ही कॉइल शेजारी-शेजारी,
लाल लालला, काळी काळीला.
मीटरवर एक पॉइंट आठ. मीटर थोडं कमीच सांगतो.
फैजाननं सीटखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला,
तिथे अर्थिंग आवळली,
बॅटरीची वायर बदलली. आधीची तर
घरातल्या ट्यूबलाइटची होती.

गेन लावताना मी घाई करत नाही.
फाटल्यासारखं झालं की थोडं मागे यायचं.
नंबर प्लेट खडखडली, तिच्यामागे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला.

मग त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला, रबरबँड गुंडाळलेला.
"दंडारीची कॅसेट होती. पोरानं याच्यात भरून देल्ली.
ढोलकी माही हाय."

वाजली.
गर्दी, खोकला, कोणाचं तरी लेकरू रडतंय,
माणसं टिपेला गात होती, त्यातलं त्यांना काहीच नाही,
आणि त्या सगळ्याच्या खालून
ढोलकीची जाड बाजू.
फाटली नाही. फुगली नाही.
जेवढी होती तेवढी.

त्यांनी एक तळवा दाराला लावला
आणि डोळे मिटले नाहीत, उलट
समोरच्या कापसाच्या ट्रॅक्टरकडे टक लावून बसले.
बोटं मांडीवर चालत होती. मध्येच थांबली.

"मांगं घे."

घेतलं.

"आनखी एक डाव."

पुन्हा तीच जागा. मला काही कळलं नाही,
फैजानलाही नाही.

"पाय, इथंसा. येक थाप उशिरा पडली माही.
तीस वर्सं झाली.
तवा कोनालेच समजली नोती. मले बी."

आणि असे हसले
की पंक्चरवाला टायर सोडून बघायला आला.

पैसे दोनदा मोजून दिले,
जुना जळका स्पीकर मागून घेतला, चुंबक कामी येते म्हणाले.
गाडी हिंगणघाटाकडे वळली.
बऱ्याच अंतरापर्यंत
काउंटरवरचा चहाचा ग्लास
बारीक थरथरत होता,
एका जागी जरासा उशिरा.
किंवा मला तसं वाटलं.