टायपिंगची चूक

अकरा वर्षं मी हॉइट लिंडक्विस्टचं अक्षर वाचलं.
क्लीव्हलँड, तिसरा मजला, खोकणारा रेडिएटर,
सरोवरावरून येणारं करडं वारं
आणि टेबलावर त्याच्या पिवळ्या वह्या :
कॉफीचे डाग, मोटेलांचे पत्ते, पोरांची उंची.
कोणाला संघात घ्यायचं, कोणाला घरी धाडायचं,
हे मालकांच्या आधी माझ्या बोटांखालून जायचं.

तिसऱ्या वर्षी बोटांना कळलं.
डोक्याला जरा उशिरा.
नाव टाइप झालं, गाव टाइप झालं
की पुढचा शब्द वहीत न बघताच उमटायचा.
डेट्रॉइटची पूर्वेकडची वस्ती असली तर : उपजत.
मक्याच्या शेतांमधलं गाव असलं तर : अभ्यासू, खेळ वाचतो.
कातडीचा रंग कुठेच लिहिलेला नसायचा.
गरजच नव्हती.

एकदा विचारलं मी, उपजत म्हणजे नक्की काय हो?
हॉइट वाईट माणूस नव्हता.
माझ्या आईच्या मयतीला आमच्या चर्चमध्ये
मागच्या बाकावर, टोपी मांडीवर घेऊन,
एकटा गोरा माणूस बसला होता.
म्हणाला, "वर्लीन,
माशाच्या पोराला पोहायला शिकवावं लागतं का?"

माझा भाऊ क्लेमंट.
त्याला पोहता येत नव्हतं.
तलावाच्या कुंपणाबाहेरूनच पाणी पाहिलेलं आम्ही.
लाँड्रीमागच्या विटांच्या भिंतीवर
त्यानं खडूनं कोन काढले होते.
भूमितीच्या बाईंचा कोनमापक
परत केलाच नाही कधी.
कुठे आपटला की कुठे येतो,
डाव्या हाताचं वेगळं, उजव्याचं वेगळं,
ओल्या दिवसांचा रकाना निराळा.
हिवाळ्यात बोटं फुटली की आई व्हॅसलीन चोपडून
त्याच्या हातांवर आपले लोकरी मोजे चढवायची,
आणि तो मोज्यांतल्या हातांनी, उताणा पडून,
अंधारात चेंडू छताकडे टाकायचा, झेलायचा.
मी शेजारच्या खाटेवर मोजत मोजत झोपायचे.
दोनशे चाळिसाच्या पुढचं मी कधी ऐकलं नाही.

तो पहिल्यांदा टीव्हीवर दिसला त्या रात्री
निवेदक ओरडला, "काय देणगी आहे पाहा देवाची!"
आई बटाटे सोलत होती.
मान वर न करता म्हणाली,
"देवाला म्हणावं, माझे मोजे परत कर."

मग चौऱ्याऐंशीचा मार्च.
एकाच दुपारी दोन अहवाल.
ऑरिन प्रॅथर, फ्लिंट, मिशिगन.
डेल कोवाल्चिक, आयोवातलं एक गाव,
ज्याचं नाव पाकिटावर मावायचं नाही.
मी नावं तशीच ठेवली, गावं तशीच.
वर्णनं तेवढी उचलून इकडची तिकडे ठेवली.
प्रॅथर : खेळ वाचतो, चेंडू येण्याआधी विचार येतो.
कोवाल्चिक : अंगातच वेग, शिकवलं तर शिकेलही.
हात थरथरले नाहीत असं सांगायला आवडलं असतं.

सकाळी हॉइट आला, चष्मा कपाळावर.
"वर्लीन, टायपिंगची चूक झालीये."
मी खुर्चीचा हात घट्ट धरला.
त्यानं पेन काढलं,
शब्दांना धक्काही न लावता
नावं खोडली.
प्रॅथरवर काट मारून कोवाल्चिक,
कोवाल्चिकवर काट मारून प्रॅथर.
गावांकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

"होतं असं," मायेनं म्हणाला,
"बोटंच इतकी पळतात तुझी.
देणगी आहे बघ."

दोन हिवाळे रात्रशाळेत, दिवसभर लाद्या पुसून झाल्यावर,
डोळ्यांवर रुमाल बांधून शिकले होते मी.
हे त्याला सांगितलं नाही.
नवा कागद चढवला.
पानं पुन्हा टाइप केली, त्यानं सुधारली तश्शी :
कोवाल्चिक, अभ्यासू, मुक्काम फ्लिंट.
प्रॅथर, उपजत,
आणि त्याच्याभोवती क्षितिजापर्यंत मका.

वर मालकांकडे गेली ती.
कोणीच काही विचारलं नाही.