तिसरी पिन

डिचोलीतला स्टुडिओ बंद केला त्याला सात वर्षं.
सर्व्हर मात्र माळ्यावर चालूच.
आज झाकण काढलं तर पंख्यात लाल माती,
खाणीचे ट्रक दारावरून जायचे तेव्हाची.
बाहेरची केव्हाच धुऊन गेली.

नवी डिस्क बारा टीबीची, चिऱ्यासारखी जड.
मधली भोकंच नाहीत तिला;
दोन स्क्रू हातात उरले.
बटण दाबलं. ढिम्म.

हर्षद फोनवर म्हणाला, काका,
तिसऱ्या पिनेवर चिकटपट्टी लावा,
तिथली वीज तिला झोपवते.
चष्मा कपाळावर, चिमटा हातात,
तांदळाच्या कणीएवढी पट्टी
तीनदा बोटालाच चिकटली.

मग घरघरली.
पण बारातले दोनच मोजले यंत्राने,
मांडवात आजोबा भाचरं मोजतात तसे.
कोष्टक नव्याने आखून दिलं
तेव्हा कुठे बारा.

आता रात्रभर उतरतायत तिच्यात
मये, साळ, कुडणे, लामगाव,
हळदी, मुंजी, कुणाची चवथ,
आणि एका मुलीचे पासपोर्ट फोटो,
सहा प्रती,
जे ती न्यायला आलीच नाही.

पैसे भरले होते तिने.
पावती क्रमांक चारशे अकरा.